मग रोज का नाही होत?

शैलाताई,

आपलं अर्धवट राहिलेलं भांडण मिटलं. तुम्ही बरोबर होतात आणि मीही बरोबर होते. असा निकाल तुम्हाला मुळीच आवडला नसता. "दोघी बरोबर म्हणजे कुणीतरी नीट चौकशी केलेली नाही," असं म्हणून तुम्ही चहाचा कप खाली ठेवला असतात. तेच झालं होतं. एक प्रश्न विचारायचा राहिला होता. माझ्याकडून राहिला ते ठीक, पण तुमच्याकडून? आयुष्यभर विमा कंपनीच्या क्लेम खात्यात बसून लोकांच्या जळलेल्या गोदामांची चौकशी केलीत, आणि सख्ख्या भावजयीच्या बाबतीत एक प्रश्न निसटला!

तुम्हाला जाऊन दोन महिने होत आले. भेटायला येणारे तुमच्या करारी स्वभावाबद्दल बोलतात, मी मान हलवते. मला तुम्ही आठवता त्या प्रश्न विचारताना. मान थोडी तिरकी, चष्मा कपाळावर, आणि समोरच्यानं उत्तर दिल्यावरही जरा थांबलेल्या, अजून काही येतंय का बघत.

मी अमरावतीहून लग्न होऊन बिबवेवाडीत आले, त्या पहिल्या आठवड्यात तुम्ही ओट्यापाशी उभं राहून विचारलं होतंत, "तुमच्याकडे पोळीला घडी घालत नाहीत का?" मला तो टोमणा वाटला. मी अविनाशकडे कुरकुर केली तर तो म्हणाला, "ताई असंच विचारते." मी 'करून राहिले' म्हटलं की तुम्ही वळून बघायचात. तुमच्या धाकट्या भावाला मी अरे-तुरे करते आणि तुम्हाला अहो-जाहो, यावरही एकदा, "ही विभागणी कशी केलीस?" असं झालं होतं. कित्येक वर्षं मी तुमचा प्रत्येक प्रश्न अंगावर घेतला. त्यातले बरेचसे नुसतेच प्रश्न होते, तुम्हाला खरोखर उत्तर हवं असायचं, हे कळायला मला मरता मरता वाचावं लागलं.

पहिल्या वेळेचं अजूनही नीट आठवतं. शनिवार पेठेत तुमच्या मावसबहिणीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. पुरणपोळी, कटाची आमटी, वांग्याची भाजी, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर. पंगत उशिरा उठली आणि अविनाशला कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं. गाडी नदीपात्रातल्या पार्किंगमध्ये लावलेली, म्हणून आपण भर उन्हात भराभर चालत निघालो. उतारावर पोचेपर्यंत माझे तळवे खाजायला लागले. मग कान, मग मान. हातांवर लाल गांधी उठल्या.

"पित्त उठलंय," पोचवायला आलेली तुमची मावसबहीण म्हणाली. "आमसुलाचं पाणी लावू, जाईल लगेच."

"जरा चाल," अविनाश म्हणाला. "मोकळी हवा लागेल."

माझे ओठ जड झाले होते, आवाज घोगरा येत होता, पोटात कळ मारत होती. मला खाली बसायचं होतं. तुम्ही काखेत हात घालून मला उभं धरलंत. "बसू नकोस. बसलीस तर उठवायची कशी तुला?" आणि उभ्या उभ्याच माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

पुढचं तुमच्याकडूनच कळलं. दवाखान्यात डॉक्टरांनी मला सपाट झोपवलं, पाय उंच केले आणि मांडीत इंजेक्शन दिलं. मी डोळे उघडल्यावर त्यांनी विचारलं, "यांना उभं कुणी धरलं होतं?"

"मी," तुम्ही म्हणालात.

"ॲलर्जीच्या अशा झटक्यात रक्तदाब एकदम पडतो. माणूस उभा केला की रक्त पायांत उतरतं, हृदयाकडे परत यायला उरत नाही. अशानं माणूस क्षणात जाऊ शकतो. आडवं करायचं, पाय वर. श्वास फारच लागला असेल तर पाय लांब करून टेकवून बसवायचं. पण उभं करायचं नाही, आणि चालवायचं तर नाहीच."

ते तुमच्या मनात किती खोल गेलं हे तुम्ही कधी दाखवलं नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पेजेचा डबा घेऊन आलात, पलंगाशेजारी खुर्ची ओढलीत आणि म्हणालात, "सांग. काय काय खाल्लंस?"

शिक्षा झाली शेंगदाण्याला. अविनाशनं फोनवर वाचलं की दाण्यानं असं होतं, आणि घरातली कुटाची बरणी शेजाऱ्यांकडे गेली. चटणी गेली, कोशिंबिरीतली मजा गेली. कुटाशिवाय केलेली साबुदाण्याची खिचडी तुम्ही एक घास खाल्लीत आणि म्हणालात, "ही खिचडी आहे की साबुदाण्याची शोकसभा?" मग चमचा खाली ठेवून सरळ मुद्द्यावर आलात. "कूट तू त्या दिवशी काय पहिल्यांदा खाल्लंस?"

"नाही. रोजच खाते."

"मग रोज का नाही झालं?"

तुम्ही मला ॲलर्जीच्या डॉक्टरबाईंकडे नेलंत. त्यांनी हातावर थेंब टाकून, सुईनं हलकं टोचून तपासणी केली. दाणा निर्दोष निघाला. वांगं निर्दोष. गव्हाच्या थेंबाखाली मात्र एक छोटी फुगवटी आली आणि मी हसले. गव्हाची ॲलर्जी असती तर पुण्यात आल्यापासून मी रोज दोन वेळा मेले असते. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, पण ठामपणे काही बोलल्याही नाहीत. "सध्या हे जवळ ठेवा," म्हणून त्यांनी एक डबी दिली. आत ॲड्रेनलिनच्या काचेच्या छोट्या कुप्या आणि सिरिंजा. सिरिंजवर किती भरायचं त्याची खूण त्यांनी स्वतः केली.

"कुणी शिकणार?" त्यांनी विचारलं. सुई बघून अविनाश पाणी पिण्याचं निमित्त करून बाहेर गेला. तुम्ही चष्मा पदराला पुसलात आणि खुर्ची पुढे घेतलीत.

तुम्ही त्या बाईंना किती छळलंत! मांडीच का, दंड का नाही? सलवारीवरून चालेल का? शंका असेल तर काय करायचं? त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर. तिथून औषध लवकर पोचतं. पातळ कपड्यावरून चालेल, कपडे सोडवत बसू नका. आणि शंका आली तरी द्या. "दिलं आणि गरज नव्हती, तर थोडा वेळ छाती धडधडेल. गरज होती आणि दिलं नाही, तर नंतर करण्यासारखं काही उरत नाही. ॲलर्जीची गोळी हातात असली तरी आधी इंजेक्शन. गोळीनं खाज जाते, जीव वाचत नाही." तुम्ही साध्या पाण्याच्या कुप्या मागून घेतल्यात आणि आपल्या जेवणाच्या टेबलावर त्या फोडण्याचा सराव केलात. पहिली कुपी चुरा झाली. तुम्ही बोट चोखत म्हणालात, "काच स्वस्त आहे, बोट महाग आहे. दुसरी दे."

त्यानंतर कधीतरी आपण दोघी मेथी निवडत होतो. तुम्ही मध्येच थांबलात. "गोदामाला आग लागली की मालक काय सांगतात माहीत आहे? आत काय काय होतं ते. कापूस होता, तेल होतं. अरे, ते तर रोजच असतं. मी विचारायचे, त्या दिवशी काय केलंत? मग निघतं, कुणीतरी वेल्डिंग केलं होतं. तुला सगळे विचारतात काय खाल्लंस. जेवल्यावर केलंस काय?"

"काय करणार? निघालो."

"कसं निघालो?"

"भराभर," मी म्हटलं, आणि तुमचा हात मेथीच्या जुडीत तसाच राहिला.

मग तुम्ही माझं सगळं आयुष्य उकरून काढलंत. एका लग्नात जेवणानंतर नाचताना उठलेलं पित्त. बडनेऱ्याला बॅगा घेऊन गाडीमागे धावले तेव्हा डब्यात बसल्यावर सुजलेले डोळे. प्रत्येक वेळी आधी पोळी, मागोमाग धावपळ. डॉक्टरबाईंनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की असं असतं. नुसत्या गव्हानं काही होत नाही, नुसत्या श्रमानंही होत नाही, एकापाठोपाठ एक आले की होतं. त्यांनी नियम घालून दिला: गव्हाचं काही खाल्लं की पुढचे काही तास दमेल असं काही करायचं नाही, चालायचं तर सकाळी उपाशीपोटी, आणि एकटीनं नाही. तेव्हापासून आपलं तळजाईच्या टेकडीवर फिरणं सुरू झालं.

मला मात्र ते पटलं नाही. ज्या घडीच्या पोळ्या तुम्ही मला शिकवल्यात, त्याच माझ्या जिवावर उठतात? पोळी खाऊन मी रोज भाजीला जाते, गॅलरी धुते, जिने चढते. तुमचाच प्रश्न मी तुम्हाला परत केला. "मग रोज का नाही होत?"

तुम्ही चक्क चिडलात. "मला माहीत नाही. पण मला माहीत नाही म्हणून मी चूक ठरत नाही."

"आणि मी?"

"तू हट्टी ठरतेस."

हे आपलं भांडण. तळजाईवर चाललं, मंडईच्या रिक्षात चाललं, नळाला पाणी नसेल त्या दिवशीसुद्धा चाललं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण झेंडू आणायला मार्केट यार्डात निघालो. रिक्षात तुम्ही विचारलंत, "काय खाल्लंस?"

"चहा-पोळी." तुम्ही नुसतं बघितलंत. "फुलं आणायला चाललोय ताई, सिंहगड चढायला नाही."

पण गर्दी अशी होती की रिक्षा लांबच सोडावी लागली. हातगाड्या चुकवत, रेटारेटीतून, ऊन डोक्यावर घेत आपण फुलबाजारापर्यंत गेलो. पिशव्या माझ्याकडे होत्या. तुम्ही एका फुलवाल्याशी भाव करत होतात तेव्हा मी म्हटलं, "ताई, तळवे खाजतायत."

तुम्ही हातातली फुलं टाकलीत. माझ्या तोंडाकडे एकदा बघितलंत. "आडवी हो."

"इथे?"

"इथेच."

गाळ्यासमोर रिकामी पोती पडली होती, त्यांवर मी पडले. झेंडूनं भरलेलं एक पोतं तुम्ही ओढलंत आणि माझे पाय त्याच्यावर ठेवलेत. घसा आवळत चालला होता. आणि ताई, त्या वेळी मला विलक्षण खात्री वाटत होती की आपण संपलो. पुढे डॉक्टरबाई म्हणाल्या की ही खात्रीसुद्धा या दुखण्याचीच एक खूण असते. मला त्याचं फार नवल वाटलं. भीतीसुद्धा गांधीसारखी आतून उठते.

खालून मला नुसती माणसांची तोंडं दिसत होती.

"अहो, उठवून बसवा त्यांना. हवा लागू द्या."

"हवा आडव्या माणसालाही लागते," तुम्ही वर न बघता म्हणालात.

"पाणी पाजा, पाणी."

"काही पाजायचं नाही."

"फिट आलीय. कांदा हुंगवा."

"कांद्याचा बाजार पलीकडे आहे, आपण तिकडे जा." मग तुम्ही एकाकडे बोट दाखवलंत. "तुम्ही, निळा शर्ट. हो, तुम्हीच. अँब्युलन्सला फोन लावा. ॲलर्जीचा झटका आहे, श्वास लागलाय, असं सांगा. आणि गेटवर जाऊन उभे राहा, त्यांना इकडे घेऊन या."

एका हमालानं आपली हातगाडी आडवी लावली. "मावशी, तुम्ही तुमचं करा. हिकडून कुणाला येऊ देत नाय."

काच मोडल्याचा टक असा आवाज आला. तुम्ही सिरिंज उजेडात धरून खुणेपर्यंत भरलीत, "मांडी," एवढंच म्हणालात आणि सलवारीवरून सुई घातलीत. मग तुम्ही घड्याळ बघितलंत.

छाती धडधडायला लागली, घसा किंचित सैलावला. मी उठायला लागले. तुम्ही खांद्यावर सगळा भार देऊन मला खाली दाबलंत आणि कुशीवर वळवलंत.

"ताई, उलटी..."

"माझ्या साडीवर कर. झेंडूवर कर. पण उठायचं नाही."

पाच मिनिटांनीही श्वास पुरत नव्हता. तुम्ही दुसरी कुपी फोडलीत आणि दुसऱ्या मांडीत इंजेक्शन दिलंत. त्यानंतर मात्र, एखादं घट्ट झाकण फिरावं तसा घसा मोकळा झाला. डोळ्यांसमोर झेंडूची एक पाकळी होती. तिच्या कडेला किती बारीक सुरकुत्या असतात हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. अँब्युलन्स आली तेव्हा मी चालत जाते म्हटलं. तुम्ही मला स्ट्रेचरवर झोपवायला लावलंत.

अविनाश रुग्णालयात पोचला तोवर गांधी उतरल्या होत्या. "बरी दिसतेय की. घरी नेऊ या?" त्यानं विचारलं.

"उतरलेलं काही तासांनी पुन्हा चढू शकतं," तुम्ही म्हणालात. "डॉक्टर सोडतील तेव्हाच ती निघेल. तुला घाई असेल तर तू जा."

मी ऑक्सिजनच्या मास्कमधूनच बोलले. "पोळी खाऊन मी कालसुद्धा चालले होते. काल का नाही झालं?"

"तोंडावर मास्क आहे, गप्प पड." पण तुमच्या आवाजात राग नव्हता. तुम्ही लगेच विचारलंत, "पोळी खाल्ल्यापासून आपण किती वेळानं उतरलो गं रिक्षातून?"

तुमचे आभार मानायचे राहिले. एकदा मी सुरुवात केली होती. "ताई, त्या दिवशी तुम्ही नसतात तर..."

"नसते तर नसते. दूध आणलंस का?"

मी दूध आणलं होतं. विषय संपला.

आणि मग ती सकाळ. फिरायला जायच्या वेळी तुम्ही तुमच्या घरून खाली आला नाहीत. फोन वाजत राहिला. आमच्याकडच्या किल्लीनं अविनाशनं तुमचं दार उघडलं. तुम्ही दाराशेजारच्या खुर्चीत होतात, पायांत बूट, एका बुटाची नाडी बांधायची राहिलेली. हात गार होते. मी तुम्हाला जमिनीवर आडवं केलं आणि तुमचे पाय उचलून उशीवर ठेवले. अविनाश म्हणाला, "वर्षा, राहू दे." तुमच्या बाबतीत त्याचा काही उपयोग नव्हता, हे मला समजत होतं. पण मला तेवढंच येत होतं.

दिवसकार्याच्या त्या दिवसांत सतरंजीवर बसून बसून माझी कंबर धरली. अविनाशनं दुखण्यावरची गोळी पुढे केली. ती तळहातावर घेतली आणि माझा हात तसाच राहिला. शनिवार पेठेत वास्तुशांतीच्या दिवशी माझी दाढ ठणकत होती, गोळी घेऊन गेले होते. मार्केट यार्डात गेलो त्या दिवशी दसऱ्याची आवराआवर करून गुडघा सुजला होता, सकाळी गोळी घेतली होती. हीच. लग्नाच्या आणि बडनेऱ्याच्या वेळचं आठवत नाही, खोटं कशाला सांगू. पण मोठे दोन झटके, आणि दोन्ही दिवशी ही गोळी.

तुम्ही मला विचारायचात, काय खाल्लंस, काय केलंस. गोळी मी खाल्ली नव्हती, घेतली होती. मराठीनंच आपल्याला चकवलं.

डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. "औषधांचं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. खरं होतं. मी काही नाही म्हणून सांगितलं होतं. दाढेसाठी घेतलेली गोळी म्हणजे औषध, असं मला वाटलंच नव्हतं. त्यांनी सांगितलं की दुखण्यावरच्या अशा काही गोळ्यांनी आतड्याची राखण ढिली पडते. पोळीतलं जे एरवी अडतं, ते रक्तात शिरतं. त्यात श्रम झाले की भडका.

"खात्री करता येईल?" मी विचारलं. ताई, हे विचारणारी मी होते. कळून काय करायचंय, असं म्हणणारी.

"येईल. पण इथेच, आमच्या डोळ्यांसमोर. घरी प्रयोग करायचे नाहीत."

रुग्णालयात, हाताला सलाईनची सुई लावून, शेजारी इंजेक्शन भरून ठेवून त्यांनी मला पोळी खाऊ घातली आणि सरकत्या पट्ट्यावर चालवलं. घाम निथळला, दुसरं काही झालं नाही. म्हणजे मी बरोबर होते, आणि मला इतकं वाईट वाटलं! पुढच्या आठवड्यात आधी गोळी दिली, मग पोळी, मग पट्टा. चालायला लागून फार वेळ झाला नव्हता. कानांच्या पाळ्या गरम झाल्या, मग दंडावर पहिली गांध उठली. डॉक्टरबाईंनी पट्टा थांबवला. मी न सांगता आडवी झाले. मांडीत सुई गेली.

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नर्स वाकून म्हणाली, "घाबरलात का मावशी?"

"नाही गं. एका भांडणाचा निकाल लागला."

आता नियमात भर पडली आहे. त्या जातीच्या गोळ्या कायमच्या बंद, गहू खाऊन दमायचं नाही, डबी कायम जवळ. कुठली गोळी चालणार नाही हे सांगायला मी आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ते लिहून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "तुम्ही ऐकता हे बरं आहे. शैलाताईंना मी किती सांगितलं, हृदयाची तपासणी करून घ्या, तोवर चढ चढू नका म्हणून."

"कधी सांगितलंत?"

"गेल्या पावसाळ्यात. चढताना छातीत भरून येतं म्हणाल्या होत्या. तुम्हाला माहीत नव्हतं?"

पावसाळ्यात, म्हणजे दसऱ्याच्या आधी. म्हणजे मार्केट यार्डात मला दाबून धरलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं. त्यानंतर रोज तळजाईला आलात तेव्हाही.

चढावर तुम्ही थांबायचात. "वर्षा, हे झाड कसलं गं?" "ती समोरची इमारत कधी उठली?" "अमरावतीला संत्र्याचा बहार कधी धरतात?" मी पाल्हाळ लावायचे, बहार कसा धरतात, फुलं यावीत म्हणून झाडाचं पाणी कसं तोडतात, आणि तुम्ही झाडाला हात टेकून ऐकायचात. मला वाटायचं, केवढं कुतूहल या बाईला. आता मी त्या चढावर उभी राहून विचारते आहे, ताई, ते प्रश्न होते की तुम्ही दम खात होतात? काही प्रश्न खरे असतील ना? बहाराचा तरी? त्याबद्दल तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं होतंत.

आणि तपासणी का नाही केलीत? तुम्हाला कळून घ्यायचं नव्हतं, हे माझ्या गळी उतरत नाही. मी एकटी चालेन म्हणून? मी फिरणं बंद केलं असतं. तुम्ही एकदा म्हणायचं होतंत. मला तुमचा राग येतो, आणि तो आला की लगेच त्या पोत्यांवरून दिसलेला तुमचा चेहरा आठवतो, घामानं भिजलेला. तो घाम गर्दीचा होता की छातीचा, हेही मी तेव्हा विचारलं नाही. तुम्ही विचारायचात आणि मी उत्तरं द्यायची, अशीच आपली सवय पडली होती.

काल आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. मी आणि अविनाश जिन्यानं चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला आणि खिडकीतून बाहेर बघायला लागला.

"का थांबलास?"

"काही नाही. फोन वाजला असं वाटलं."

"फोन माझ्या पर्समध्ये आहे."

त्यानं कठड्यावर हात टेकला.

"परवा दुधाच्या पिशव्या घेऊन आलास तेव्हाही थांबला होतास. शेजारच्यांशी बोलत होतो म्हणालास. ते तर गावाला गेलेत."

"वर्षा, वय झालं आता. होतं असं."

"काय होतं?"

"उद्या बोलू."

"उद्या नाही. चल, खाली उतर सावकाश. रिक्षा बोलावते, दवाखान्यात जाऊ."

रिक्षात तो बाहेरच्या दुकानांकडे बघत राहिला. मी प्रश्न बदलला नाही आणि त्याला पळवाटही काढू दिली नाही. "कधीपासून होतंय?" एवढंच पुन्हा विचारलं. सिग्नलला रिक्षा थांबली. त्यानं माझा हात धरला, आणि ताई, चढताना छातीत कधीपासून भरून येतं ते त्यानं खरं सांगितलं.